वासी उत्तरायणला सर्ट-इनला रिपोर्ट पाठवला त्याची गोष्ट

१५ जानेवारी २०२५, बुधवार. बडोद्याच्या लोकांना सांगायला नको की हा वासी उत्तरायणचा दिवस, म्हणजे १४ ला पतंग उडवून मन भरलं नाही त्यांचा दुसरा दिवस. आम्ही दांडिया बाजारचे, सकाळपासून सगळे धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, शेजारच्या घरातून उंधियूचा डबा आलेला, माझ्या हातात फिरकी आणि मुलगा पेच लावायच्या तयारीत. ९ वाजून ४० मिनिटांनी फोन वाजला. मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्या कंपनीतून डिस्पॅचचा मुलगा बोलत होता, एक गाडी अर्जंट काढायची होती म्हणून तो एकटाच आला होता. म्हणाला, सर, चलनची प्रिंट काढायला गेलो तर प्रिंटर आपोआपच चालू झाला, नुसते इंग्रजीत काहीतरी छापलेले कागद येतायत, थांबतच नाहीये, ट्रे रिकामा होत आला.

मी विचारलं, वाच काय लिहिलंय. त्याने अडखळत पहिली ओळ वाचली आणि माझ्या पोटात गोळाच आला. तुमच्या फाइल्स आम्ही लॉक केल्यात, परत पाहिजे असतील तर संपर्क करा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कोंडून खंडणी मागणारा प्रोग्राम.

मी या कंपनीत अकरा वर्षं आयटी बघतो. कंपनी म्हणजे साठ-सत्तर माणसं, ट्रान्सफॉर्मरला लागणारे व्हॉल्व्ह आणि फिटिंग बनवतो, माल मोठ्या कंपन्यांना जातो. आयटी म्हणजे मी आणि एक पोरगा. एक सर्व्हर ज्याच्यावर ईआरपी (हिशोब, स्टॉक, ऑर्डरचं सॉफ्टवेअर) आणि सगळ्या ड्रॉइंगचं फोल्डर, एक नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइल्स साठवायची पेटी, एक फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटपासून राखण करणारं मशीन, पंचवीसेक पीसी, बस. कागदावर सगळं ठीकठाक दिसायचं.

त्या मुलाला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की सर्व्हर रूममध्ये जा आणि स्विचच्या सगळ्या निळ्या वायरी ओढून काढ, पण एकही मशीन बंद करू नकोस. हे मला सर्ट-इनच्या, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी एजन्सीच्या, एका जुन्या सूचनेत वाचलेलं आठवत होतं, नेटवर्क तोडायचं म्हणजे पुढे पसरत नाही, आणि मशीन चालू ठेवायचं म्हणजे मेमरीत जे काही आहे ते तपासायला मिळतं. बिचाऱ्याने एक पीसी घाबरून आधीच बंद केला होता, बाकीचे राहिले. मग गळ्याला मफलर गुंडाळला, कारण त्या दिवशी स्कूटर चालवायची म्हणजे मांजाची भीती, आणि लालबागवरून मांजलपूर करत मकरपुरा गाठलं. रस्ते मोकळे होते, नेहमीपेक्षा लवकर पोचलो.

आत गेलो तर सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलेलं, नॅसवर पण तेच. नॅस म्हणजे आमचा बॅकअप! तो चोवीस तास सर्व्हरला ड्राइव्ह म्हणून जोडलेला असायचा, त्यामुळे सर्व्हरवर जे झालं तेच त्याच्यावर झालं. बॅकअप जोडलेला ठेवू नये हे मला माहीत होतं आणि तरी ठेवला होता, हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

तासाभरात शेठ आले. शेठ गुजराती, मनाने फार चांगला माणूस, वीस वर्षांपूर्वी एका लेथवर सुरुवात केलेला. सगळं बघून झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आ वात बहार न जवी जोइए." बाहेर जाता कामा नये. त्यांची भीती मला समजत होती, आमचे मोठे ग्राहक वीज क्षेत्रातले, त्यांना कळलं की यांच्याकडे असं झालंय तर ऑर्डर थांबवतील, वेंडर लिस्टमधून काढतील. मी म्हटलं, शेठ, बाहेर नाही सांगायचं ते ठीक, पण एका ठिकाणी सांगावंच लागेल, आणि ते पण दुपारी ३ वाजून ४० मिनिटांच्या आत.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण आमच्या जीआयडीसीतल्या दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांना हे माहीत नसतं. सर्ट-इन ही आपल्या देशाची सायबर सुरक्षेची एजन्सी, इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाखाली येते, दिल्लीत लोधी रोडला ऑफिस, २००४ च्या जानेवारीपासून काम करतेय. आयटी कायद्याचं कलम ७०-ब आहे त्यात तिचं काम लिहिलंय, सायबर घटनांची माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण करणं, इतरांना आधीच सावध करणं, आणि काही झालं तर सगळ्यांमध्ये समन्वय ठेवणं. वीज, बँका, टेलिकॉम यांच्यातल्या ज्या यंत्रणा बंद पडल्या तर देशच अडेल त्यांच्यासाठी एनसीआयआयपीसी नावाची वेगळी संस्था आहे, ती ७०-अ खाली येते. आम्ही त्यात बसत नाही. आम्ही साधे पार्टवाले, पण सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आम्हालाही लागू आहे, आणि त्यात लिहिलंय की अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. आम्हाला ९-४० ला कळलं. म्हणून ३-४०.

शेठ म्हणाले, पोलीस येतील का? मी म्हटलं, सर्ट-इन म्हणजे पोलीस नाही, चोर पकडणं त्यांचं काम नाही, पोलीस तक्रार आपण वेगळी करायची. मग म्हणाले, ते येऊन आपलं कॉम्प्युटर दुरुस्त करतील का? म्हटलं, नाही, ते पण नाही. "तो फायदो शुं?" मग फायदा काय?

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याकडे याचं नीट उत्तर नव्हतं. मी नुसतं कायदा आहे एवढंच म्हटलं. उत्तर मला पुढच्या काही दिवसांत मिळालं.

फॉर्म त्यांच्या साइटवरून माझ्या मोबाइलवर उतरवला. कंपनीचं नाव, संपर्काचा माणूस, कुठल्या प्रकारची घटना, कधी झाली, कधी लक्षात आली, कुठली मशीन्स, त्यांचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), ऑपरेटिंग सिस्टीम, काय लक्षणं दिसली, आतापर्यंत काय केलं. भरायला बसलो आणि अर्ध्या रकान्यांना माझ्याकडे उत्तरच नाही. कधी झाली? माहीत नाही. कुठून आले? माहीत नाही. आधी मला वाटलं सगळं शोधून मगच पाठवावं, पण ३-४० डोक्यात होतं. त्यांच्याच प्रश्नोत्तरांच्या कागदात लिहिलंय की सहा तासांत हातात जेवढं आहे तेवढं पाठवा, बाकीचं नंतर द्या. मग मी तेच केलं. जिथे माहीत नाही तिथे सरळ 'अजून माहीत नाही, तपास चालू' असं लिहिलं, अंदाज ठोकून दिला नाही. धमकीच्या कागदाचा फोटो जोडला आणि २ वाजून ५५ मिनिटांनी मेल गेला. मेल माझ्या पर्सनल आयडीवरून पाठवला, कंपनीच्या मेलमध्ये कोण बसलंय याची खात्री नव्हती. त्यांचा टोल फ्री पण आहे, १८००-११-४९४९, फोन करूनही सांगता येतं.

संध्याकाळी उत्तर आलं, रेफरन्स नंबर, आणि पुढे कुठलाही पत्रव्यवहार याच नंबराने करा असं. बाहेर सगळ्या मकरपुऱ्याच्या आकाशात पतंग, लाउडस्पीकरवर गाणी, आणि आम्ही तिघं चौघं अंधाऱ्या ऑफिसात.

दुसऱ्या दिवशी सविस्तर मेल आला. त्यात त्यांनी मागितलं ते असं, फायरवॉलचे लॉग (मशीन आपोआप ठेवतं त्या नोंदी), सर्व्हरचे इव्हेंट लॉग, धमकीची मूळ फाइल, लॉक झालेल्या दोन-तीन फाइल्स नमुन्याला, आणि ज्या प्रोग्रामने हे केलं तो सापडला तर पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये. आणि एक ओळ होती जी तेव्हा मी वाचून सोडून दिली, प्रत्येक लॉग कुठल्या टाइमझोनमध्ये आहे आणि त्या मशीनचं घड्याळ कशाशी जुळवलेलं आहे ते कळवा.

मी लॉग काढायला बसलो. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये प्रत्येक गोष्टीला नंबर असतो, ४६२५ म्हणजे कोणीतरी लॉगिन करायचा प्रयत्न केला आणि पासवर्ड चुकला, ४६२४ म्हणजे आत शिरला. उघडलं तर नुसते ४६२५, ४६२५, ४६२५, पान खाली खाली जातंय आणि संपत नाही. कोणीतरी रात्रंदिवस आमच्या दारावर एकेक किल्ली लावून बघत होतं. हे दार मीच उघडं ठेवलं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सॉफ्टवेअरवाल्याने सांगितलं होतं की रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट बाहेरून उघडा, म्हणजे आम्ही घरून सपोर्ट देऊ, आणि मी उघडला. लॉकडाऊन संपलं, पोर्ट तसाच राहिला. साडेचार वर्षं.

आणि मग एक ४६२४. युजरचं नाव 'स्कॅन'. हे अकाउंट फोटोकॉपी मशीनमधून स्कॅन केलेले कागद सर्व्हरवर टाकायला बनवलेलं, पासवर्ड पण 'स्कॅन', आणि सोयीसाठी म्हणून त्याला अॅडमिनचे अधिकार दिलेले. कोणाच्या सोयीसाठी ते आता काय सांगू.

आता घड्याळाचं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण यात एका माणसाची अब्रू अडकली होती.

सर्व्हरच्या लॉगप्रमाणे पहिली फाइल लॉक झाली ती १४ तारखेच्या रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी. शेठनी आणि त्यांच्या पुतण्याने सीसीटीव्ही बघितला, तर त्यात ११ वाजून १८ मिनिटांनी आमचा रात्रीचा वॉचमन ऑफिसचं दार उघडून आत जाताना दिसतो, सर्व्हर रूमच्या बाजूला वळतो आणि तीन-चार मिनिटांनी बाहेर येतो. ११-१८ ला आत, ११-२१ ला सुरू. पुतण्या म्हणाला, याला कोणीतरी पेन ड्राइव्ह दिलाय. वॉचमन दाहोदकडचा, सहा वर्षं आमच्याकडे, बायको-मुलं गावाला. त्याला बोलावलं, तो सांगत होता की आत पंखा चालू राहिलेला ऐकू आला म्हणून बंद करायला गेलो, पण बोलता बोलता त्याचा आवाज कापायला लागला आणि आवाज कापतोय म्हणून पुतण्याचा संशय अजून वाढला. पोलिसांच्या तक्रारीत त्याचं नाव घालायचं असं जवळजवळ ठरलंच होतं.

त्याच दिवशी दुपारी दिल्लीहून फोन आला. अधिकारी हिंदीत बोलत होते, शांत, घाई नाही, पंधरा-वीस मिनिटं बोलले. लॉगबद्दल विचारता विचारता त्यांनी विचारलं, तुमच्या सर्व्हरचं घड्याळ कशाशी सिंक आहे? मी म्हटलं, बघतो. म्हणाले, बघू नका, आत्ता मोबाइल बाजूला धरा आणि दोन्हीतला फरक सेकंदासकट लिहून घ्या, फायरवॉलचा पण, कॅमेऱ्याच्या मशीनचा पण, कशालाही हात लावून घड्याळ दुरुस्त करू नका, आधी नोंद करा.

मी मोबाइल सर्व्हरच्या स्क्रीनला लावला. सर्व्हर ११ मिनिटं मागे. फायरवॉल बरोबर, पण यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मग त्या वॉचमनच्याच हातात मोबाइल दिला आणि त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आत रेकॉर्डरवर बघितलं, मोबाइलवर ४-०७ आणि कॅमेऱ्यावर ४-४८. कॅमेरा ४१ मिनिटं पुढे.

कागदावर आकडे मांडले. कॅमेऱ्याचे ११-१८ म्हणजे खरे १०-३७. सर्व्हरचे ११-२१ म्हणजे खरे ११-३२. वॉचमन पंखा बंद करून गेला त्यानंतर ५५ मिनिटांनी सुरुवात झाली. आणि फायरवॉलच्या लॉगमध्ये १७-२८, म्हणजे आपले १०-५८, तेव्हापासून परदेशातल्या एका आयपीवरून रिमोट सेशन चालू दिसत होतं, तेव्हा वॉचमन गेटवर शेकोटीजवळ बसलेला दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसतो.

मी तो कागद शेठपुढे ठेवला. त्यांनी दोनदा बघितला, मग स्वतः उठून गेटवर गेले, त्याच्या शेजारी खुर्चीवर बसले आणि चहा मागवला. काय बोलले मला माहीत नाही. त्याचं नाव कुठल्याच कागदावर गेलं नाही.

तर सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशातलं जे कलम लोक हसण्यावारी नेतात, की सगळ्यांनी आपली घड्याळं एनआयसीच्या (सरकारच्या संगणक केंद्राच्या) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी जुळवा, त्याचा अर्थ मला असा कळला. एनआयसीचे ते सर्व्हर म्हणजे समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२, सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची असते, दहा मिनिटांचं काम. आज आमचा सर्व्हर, फायरवॉल, नॅस, कॅमेरे, अगदी गेटवरचं हजेरीचं मशीन सुद्धा त्याच वेळेवर चालतं.

दुसरं, लॉगचं. फोनवर त्या अधिकाऱ्यांनी मला दोन आयपी वाचून दाखवले आणि विचारलं, हे डिसेंबरमध्ये तुमच्याकडे आले होते का? मी लॉग उघडला तर सर्व्हरचा लॉग १३ तारखेच्या रात्रीपासूनच सुरू होत होता. विंडोजमध्ये हा लॉग मूळ सेटिंगला २० एमबीचाच असतो, भरला की जुनं पुसून नवीन लिहितो, आणि त्या हजारो ४६२५ नी आतलं सगळं जुनं ढकलून टाकलं होतं. फायरवॉलमध्ये फक्त सात दिवसांचं. म्हणजे १४ च्या पहाटे १-५२ ला 'स्कॅन' वरून आत आले एवढं दिसतं, पण ते पहिल्यांदा आले की दहाव्यांदा, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, सर, डिसेंबरचं माझ्याकडे नाही. ते काही रागावले नाहीत, फक्त "अच्छा" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

तो "अच्छा" मला अजून ऐकू येतो. कारण तेव्हा मला लख्ख कळलं की ते दोन आयपी त्यांच्याकडे कुठून आले असणार, दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीने, कुठल्यातरी गावातल्या माझ्यासारख्याच कोणीतरी डिसेंबरमध्ये फॉर्म भरला असणार. त्याने त्याच्याकडचं दिलं होतं. माझ्याकडचं असतं तर त्यांना जोडून बघता आलं असतं की ही एकच टोळी आहे का, किती दिवस आत बसते, कुठल्या सणाची वाट बघते, आणि मग पुढच्याला आधी सांगता आलं असतं. लॉग १८० दिवस ठेवा असं त्याच आदेशात लिहिलंय, आणि मी ती ओळ वाचून मोठ्या कंपन्यांसाठी असेल म्हणून सोडून दिली होती. शेठनी विचारलं होतं ना, फायदा काय, तर तो असा आहे. दिल्लीत बसलेल्या त्या माणसांना काही आपोआप दिसत नाही, त्यांना देशाबद्दल तेवढंच कळतं जेवढं आपण लिहून पाठवतो. २०२३ साली त्यांच्याकडे जवळपास १५ लाख ९२ हजार घटनांची नोंद झाली, २०२४ साली २० लाखांच्या वर. एवढं सगळं होतं आणि आपल्या शेजारच्या शेडमध्ये काय झालं ते आपल्याला माहीत नसतं, कारण प्रत्येकाचे शेठ म्हणतात, बहार न जवी जोइए.

नंतर मी याचा इतिहास पण वाचला. अशी पहिली टीम अमेरिकेत १९८८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात बनली, त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म नावाच्या प्रोग्रामने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो मशीन्स अडवली होती, आणि तेव्हाही अडचण तीच होती, उपाय एकाला सापडला तरी तो दुसऱ्याला सांगायचा कोणी आणि कसा.

आता आमचं पुढे काय झालं ते. पैसे दिले नाहीत. सर्ट-इनचं सांगणं पण तेच असतं, पैसे देऊन फाइल्स परत मिळतील याची काही खात्री नाही. मोफत किल्ल्या मिळतात अशी एक साइट आहे, नो मोअर रॅन्सम, २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर सुरू केलेली, तिथे नमुना टाकून बघितला, आमच्या प्रकाराला किल्ली नव्हती. आम्हाला वाचवलं ते अकाउंट्सच्या कुलकर्णी काकांनी. काका ६३ वर्षांचे, जुनी माणसं, त्यांचा नॅसवर विश्वास नव्हता. दर शनिवारी ते एका यूएसबी हार्ड डिस्कवर ईआरपीचा आणि ड्रॉइंगच्या फोल्डरचा बॅकअप घ्यायचे, डिस्क रुमालात गुंडाळायचे आणि कापडी पिशवीत डब्याच्या खाली ठेवून घरी न्यायचे. आम्ही त्यांना कितीदा म्हटलं असेल की काका, आता याची गरज नाही. १६ तारखेला काका पिशवी घेऊन आले, रुमाल सोडला, ११ जानेवारीचा बॅकअप, सगळाच्या सगळा. रविवारी सुट्टी, १४ ला सुट्टी, म्हणजे आमचं गेलं ते फक्त सोमवारचं काम. ती डिस्क आधी एका वेगळ्या मशीनवर तपासली, तिची कॉपी काढली आणि मगच हात लावला.

सगळी मशीन्स पुसून नव्याने उभी करायला नऊ दिवस लागले. ३३८९ बंद, बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून आत यायचा बंदिस्त रस्ता) आणि मोबाइलवरचा कोड दोन्ही. 'स्कॅन' गेलं. लॉग आता एका वेगळ्या छोट्या मशीनवर जातात, तिथे १८० दिवस राहतात, आणि सर्व्हरवाल्या पासवर्डने ते पुसता येत नाहीत. बॅकअपच्या दोन डिस्क, आलटून पालटून, एक कायम काकांच्या घरी.

मोठ्या ग्राहकाला सांगायचं की नाही यावर शेठ दोन रात्री झोपले नाहीत. शेवटी सांगितलं, सर्ट-इनचा रेफरन्स नंबर पण दिला, कारण आमच्या मेलमधून त्यांना खोटं ड्रॉइंग किंवा खोटं बिल गेलं असतं तर नुकसान त्यांचं झालं असतं. त्यांनी दोन आठवडे आमचे मेल अडवले आणि अट घातली की सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्या. अशी अधिकृत ऑडिटरची यादी त्यांच्या साइटवर असते, तिच्यातलाच घ्या, ओळखीचा कोणीतरी नको. खर्च झाला, पण ऑर्डर गेली नाही. वेंडर लिस्टमधून काढलं पण नाही.

मे महिन्यात, ७ तारखेला मॉक ड्रिलसाठी बडोद्यात भोंगे वाजले, रात्री दिवे बंद केले, त्या दिवसांत सर्ट-इनच्या सूचना उद्योगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होत्या. आधी मी अशी सूचना आली की फॉरवर्ड करून मोकळा व्हायचो. आता वाचतो. पहिल्यांदा कुठल्या सॉफ्टवेअरबद्दल आहे, कुठलं व्हर्जन, आपल्याकडे आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. जुलैमध्ये अशीच एक सूचना आमच्याच फायरवॉलच्या मॉडेलबद्दल होती, तीव्रता क्रिटिकल. त्या संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी थांबलो, फर्मवेअर (त्या मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, चाळीस मिनिटं लागली. कोणाला कळलं पण नाही. मला मात्र सारखं वाटत होतं की या सूचनेच्या मागे पण कोणाचा तरी फॉर्म असेल.

दिवाळीच्या आधी एकदा आमच्या गल्लीतल्या पॅकिंग मटेरियलवाल्या शेजाऱ्यांचा मुलगा धावत आला. त्यांना त्यांच्या सप्लायरच्या नावाने मेल आला होता, बँक खातं बदललंय, पैसे या खात्यात टाका, आणि त्यांनी टाकले होते. आमच्या शेठनीच त्याला माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव, आत्ता, माझ्यासमोर, पैसे गेले असतील तर पहिला फोन तिथे, जितका लवकर तितके पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. तक्रार नोंदवून झाली, नंबर मिळाला, मग मी सर्ट-इनचा फॉर्म उघडला. तो म्हणाला, काका, हे कशाला, आमचं कॉम्प्युटर तर ठीक चालतंय. आणि मग हळूच, "आ बहार तो नहीं जाय ने?"

मी त्याला कुलकर्णी काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, ते मेल ज्या पत्त्यावरून आले ते आधी लिहू, कुठल्यातरी अजून एकाला पण तिथूनच येत असतील. चल, पहिला रकाना, तुझ्या लक्षात कधी आलं? तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हिशोब करायला लागला. मी म्हटलं, ते नको, मोबाइलमध्ये बघ, सप्लायरला फोन केलास त्याची वेळ असेल. त्याने कॉल लिस्ट उघडली. ११ वाजून २० मिनिटं. मी ते लिहिलं, आणि बाजूला संध्याकाळी ५-२० असं पेन्सिलने लिहून ठेवलं.